‘खिल’ उदाहरणाची कसोटी : दोन वर्गांची बेरीज, भास्कराचार्य आणि श्रीखंडे

सारांश : कोणती पूर्ण संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते, हा संख्या-सिद्धान्तातील एक प्राचीन प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर केवळ संख्यांचे वर्गीकरण करण्यासाठी नव्हे, तर एखादे उदाहरण सोडविण्यापूर्वीच ते सुटणार नाही हे ओळखण्यासाठीही उपयोगी पडते. इ.स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी वर्गप्रकृतीच्या संदर्भात आणि १९५० मध्ये शरदचंद्र श्रीखंडे यांनी प्रयोग-रचनांच्या संदर्भात अशक्यतेचा विचार केला. या दोन्ही ठिकाणी मुळाशी असलेले समीकरण एकच कसे ठरते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : वर्गयोग, वर्गप्रकृती, खिल, सममित गट-रचना, अशक्यतेची सिद्धता.

प्रस्तावना :

गणिताच्या अध्यापनात उत्तर काढण्याला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे उत्तर नसल्याचे सिद्ध करण्याला दिले जात नाही. विद्यार्थ्याला उत्तर सापडले नाही, तर दोन शक्यता उरतात : शोध अपुरा पडला असेल किंवा उत्तर अस्तित्वातच नसेल. या दोहोंतील फरक शोध वाढवून कळत नाही. त्यासाठी वेगळ्या प्रकारचा युक्तिवाद लागतो. दोन वर्गांच्या बेरजेचा सिद्धान्त हा अशा युक्तिवादाचा एक सोपा आणि तरीही खोल नमुना आहे.

प्रारंभी परिचित सनांची उदाहरणे घेता येतील. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ मध्ये झाली. ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे : १९६२ = ३९² + २१². सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे. या संख्येला दोन वर्ग पुरत नाहीत, तीन लागतात : १९४७ = ४३² + ७² + ७². कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले, ते वर्ष १९१९. या संख्येला तीन वर्गही पुरत नाहीत : १९१९ = ४३² + ६² + ५² + ३². पाच वर्गांची गरज मात्र कोणत्याही संख्येला पडत नाही, हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केले. कोणतीही मांडणी करून न पाहता ‘दोन पुरतील’, ‘तीन लागतील’, ‘चार लागतील’ हे सांगता येते, हाच या विषयाचा मर्म आहे.

उद्दिष्टे :

१. दोन वर्गांच्या बेरजेची कसोटी सिद्धतेच्या गाभ्यासह मांडणे.
२. भास्कराचार्यांच्या ‘खिल’ नियमाचा आधुनिक परिभाषेत अर्थ लावणे.
३. श्रीखंडे यांच्या संशोधनाशी त्या नियमाचे असलेले नाते दाखविणे आणि त्याचा अध्यापनातील उपयोग सुचविणे.

१. कसोटीचे स्वरूप :

सम संख्येच्या वर्गाला ४ ने भागल्यास बाकी ० राहते, विषम संख्येच्या वर्गाला भागल्यास १. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेला ४ ने भागल्यास बाकी ०, १ किंवा २ एवढीच येऊ शकते. बाकी ३ आली, तर ती संख्या दोन वर्गांची बेरीज नाही. ही झाली पहिली चाळणी. पण ती पुरेशी नाही. २१ या संख्येला ४ ने भागल्यास बाकी १ येते, तरीही २१ दोन वर्गांत मांडता येत नाही.

पूर्ण कसोटी अशी आहे : संख्येचे मूळ अवयव पाडावेत. ४म + ३ या प्रकारचा (३, ७, ११, १९, २३ इत्यादी) प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला असेल, तरच ती संख्या दोन वर्गांची बेरीज असते. २१ = ३ × ७ येथे ३ आणि ७ दोन्ही एकेकदाच येतात, म्हणून २१ बाद. १९६२ = २ × ३² × १०९ येथे ३ दोनदा आला आहे आणि १०९ हा ४म + १ प्रकारचा आहे, म्हणून ही संख्या कसोटीस उतरते. १९४७ = ३ × ११ × ५९ येथे तिन्ही अवयव प्रतिकूल आहेत. तीन वर्गांसाठीची कसोटी लजांद्र (१७९८) आणि गाउस (१८०१) यांच्या कार्यातून मिळते. त्यानुसार ८म + ७ या प्रकारच्या संख्या, तसेच त्यांना ४ च्या घातांनी गुणून येणाऱ्या संख्या तीन वर्गांत मांडता येत नाहीत. १९१९ = ८ × २३९ + ७ असल्याने तिला चार वर्ग अपरिहार्य आहेत.

मूळ संख्यांविषयीचे विधान फर्मा यांनी १६४० मध्ये मेर्सेन यांना लिहिलेल्या पत्रात केले होते. त्याची सिद्धता पूर्ण होण्यास १७४९ साल उजाडले. ती ऑयलर यांनी दिली.

२. सिद्धतेचा गाभा :

सिद्धतेचे तीन भाग पडतात.

पहिला भाग गुणाकाराचा. दोन वर्गयोगांचा गुणाकार पुन्हा वर्गयोगच असतो :

(अ² + ब²)(क² + ड²) = (अक − बड)² + (अड + बक)²

ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये वर्गप्रकृतीसाठी दिलेल्या ‘भावना’ या क्रियेत गुणकाच्या जागी −१ घातल्यास हेच सूत्र मिळते. उदाहरणार्थ, ५ = १ + ४ आणि १३ = ४ + ९, म्हणून ६५ = १ + ६४. त्यामुळे मूळ संख्यांचा प्रश्न सुटला की संयुक्त संख्यांचा प्रश्न बराचसा सुटतो.

दुसरा भाग निषेधाचा. समजा, ४म + ३ या प्रकारची मूळ संख्या प ही अ² + ब² ला भागते, परंतु ब ला भागत नाही. मग ती अ लाही भागत नाही. प ने भागून उरणाऱ्या बाकीच्या हिशेबात अ² आणि −ब² समान ठरतात. दोन्ही बाजूंचा (प − १)/२, म्हणजे २म + १ हा घात घेतला, तर फर्माच्या लघुप्रमेयानुसार डावीकडे १ येतो; घातांक विषम असल्यामुळे उजवीकडे −१ येतो. म्हणजे प ने २ ला भाग जातो, हे अशक्य. म्हणून प ही अ आणि ब या दोहोंना भागते आणि त्यांच्या वर्गांच्या बेरजेला प² ने भाग जातो. ही क्रिया पुन्हा पुन्हा केल्यास प चा घातांक सम असल्याचे सिद्ध होते.

तिसरा भाग अस्तित्वाचा. ४म + १ या प्रकारची प्रत्येक मूळ संख्या वर्गयोग असते. १३ चे उदाहरण घेतल्यास युक्ती लक्षात येते. विल्सनच्या प्रमेयामुळे येथे ६! चा वर्ग −१ ही बाकी देतो. ६! = ७२० ला १३ ने भागल्यास ५ उरतात आणि ५² = २५ ची बाकी −१ आहे. आता क्ष आणि य यांना ०, १, २, ३ या किमती देऊन क्ष − ५य च्या १६ किमती काढाव्यात. १३ ने भागल्यास बाक्या १३ च असू शकतात. म्हणून कबुतरखान्याच्या तत्त्वानुसार निदान दोन किमतींची बाकी सारखी येणार. (३, ०) आणि (०, २) या जोड्यांची बाकी ३ च येते. त्यांच्या वजाबाकीतून ३ आणि −२ मिळतात. अशा फरकांच्या वर्गांच्या बेरजेला १३ ने भाग जातो, आणि ती ९ + ९ = १८ पेक्षा मोठी असू शकत नाही; म्हणून ती १३ च असली पाहिजे : ९ + ४ = १३. कोणत्याही ४म + १ मूळ संख्येस हाच युक्तिवाद लागू पडतो.

३. भास्कराचार्यांचा ‘खिल’ नियम :

भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनीच नमूद केले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेव यांनी मठ स्थापन केला. त्याची माहिती देणारा इ.स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. सातारा जिल्ह्यातील पाटण हे स्थान वेगळे, ही बाब या भागातील वाचकांनी ध्यानात घ्यावी.

इ.स. ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात वर्गप्रकृतीचे विवेचन येते. दिलेल्या गुणकाने एका वर्गाला गुणावे, त्यात क्षेप मिळवावा आणि येणारी संख्या पुन्हा वर्ग असावी, असा तो प्रश्न आहे. क्षेप +१ असताना चक्रवाल पद्धतीने उत्तर कसे काढावे, हे भास्कराचार्यांचे विवेचन प्रसिद्ध आहे. त्यापुढे ते क्षेप −१ असलेल्या समीकरणाकडे वळतात :

ग·क्ष² − १ = य²

येथे त्यांनी दिलेल्या नियमाचा आशय असा की, गुणक ग हा दोन वर्गांची बेरीज नसेल, तर ते उदाहरण ‘खिल’ समजावे. संस्कृतात ‘खिल’ म्हणजे न नांगरलेली, पडीक जमीन. उदाहरण खिल आहे, म्हणजे त्यातून पीक येणार नाही. तेथे कष्ट करू नयेत.

उलट बाजूही त्यांनी सांगितली. ग = म² + न² असेल, तर क्ष = १/म आणि य = न/म घेताच समीकरण सुटते. त्यांची दोन उदाहरणे १३ आणि ८ या गुणकांची आहेत. १३ = ४ + ९ असल्याने क्ष = १/२, य = ३/२ हे उत्तर लगेच मिळते. चक्रवालाने त्याचे पूर्णांक उत्तर क्ष = ५, य = १८ येते; १३ × २५ − १ = ३२४. आठ या गुणकासाठी ८ = ४ + ४, म्हणून क्ष = १/२, य = १.

आधुनिक दृष्टीने नियमाची अचूकता सहज तपासता येते. समीकरण ग·क्ष² = य² + १ असे लिहून छेद काढून टाकले की उजवीकडे दोन वर्गांची बेरीज राहते. म्हणून डाव्या बाजूतील ४म + ३ प्रकारच्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असतो. क्ष² मध्ये तो समच आहे. म्हणून ग मध्येही समच असला पाहिजे. म्हणजेच ग हा दोन वर्गांची बेरीज आहे. अपूर्णांकी उत्तरे मान्य केली, तर भास्कराचार्यांची अट आवश्यकही आहे आणि पुरेशीही.

येथे श्रेयाची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. सूत्रात सिद्धता दिलेली नाही, आणि कोणत्या संख्या वर्गयोग असतात याचे मूळ अवयवांवर आधारलेले वर्गीकरणही त्यात नाही. ते फर्मा आणि ऑयलर यांच्या काळाचे आहे. भास्कराचार्यांनी ओळखले ते एवढेच, पण ते थोडे नाही : या समीकरणाचे भवितव्य गुणकाच्या एका गुणधर्मावर अवलंबून आहे, शोधणाऱ्याच्या चिकाटीवर नाही.

४. शेतातील वाफे आणि गट-रचना :

आता वेगळ्या क्षेत्रातील एक प्रश्न पाहू. सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथे हळदीवर संशोधन चालते. अशा ठिकाणी अनेक वाणांची तुलना करावी लागते. जमिनीचा कस सर्वत्र सारखा नसतो, म्हणून सारख्या कसाच्या पट्ट्यांचे गट पाडतात. एका गटात सर्व वाण मावत नाहीत. तेव्हा प्रत्येक दोन वाण सारख्याच वेळा एकाच गटात यावेत, अशी योजना करतात. तिला संतुलित अपूर्ण गट-रचना म्हणतात. वाणांची आणि गटांची संख्या समान असल्यास ती रचना सममित होय.

कल्पित उदाहरण म्हणून हळदीचे २२ वाण, २२ गट आणि प्रत्येक गटात ७ वाफे घ्यावेत. प्रत्येक दोन वाणांची गाठ बरोबर दोन गटांत पडावी, अशी अपेक्षा आहे. एका गटात २१ जोड्या, म्हणून २२ गटांत ४६२ जोड्या होतात. एकूण २३१ जोड्या, प्रत्येक दोनदा, म्हणजे पुन्हा ४६२. हिशेब बरोबर जुळतो. तरीही अशी रचना अशक्य आहे; कोणत्याही कौशल्याने ती तयार होणार नाही.

हे सांगणारा निष्कर्ष शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांच्या १९५० मधील शोधनिबंधात आहे. काही सममित संतुलित अपूर्ण गट-रचनांची अशक्यता हाच त्या निबंधाचा विषय. सागर येथे १९१७ मध्ये जन्मलेल्या श्रीखंडे यांचे शिक्षण नागपूर येथे झाले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राज चंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे १९६३ ते १९७८ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा सांभाळली. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

वाणांची संख्या व, गटातील वाफे क, दोन वाणांची गाठ ल वेळा आणि न = क − ल असे मानू. वाणांची संख्या सम असेल, तर न पूर्ण वर्ग असलाच पाहिजे. याचे कारण पदवीच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखे आहे. रचनेच्या मॅट्रिक्सच्या निश्चयकाचा वर्ग क² × न^(व−१) एवढा येतो. तो पूर्णांकाचा वर्ग असल्याने न^(व−१) हाही वर्ग असावा लागतो. व − १ विषम असल्यामुळे न स्वतःच वर्ग असला पाहिजे. वरील उदाहरणात न = ७ − २ = ५, जो वर्ग नाही. याउलट १६ वाण, १६ गट, प्रत्येकी ६ वाफे आणि प्रत्येक जोडी दोनदा, या रचनेत न = ४; ती प्रत्यक्षात अस्तित्वात आहे.

५. एकच समीकरण :

वाणांची संख्या विषम असताना प्रश्न अधिक कठीण होतो आणि तेथेच दोन वर्गांची बेरीज पुढे येते. प्रत्येक जोडी एकदाच एकत्र येते, म्हणजे ल = १, अशी स्थिती घेऊ. तेव्हा क = न + १ आणि व = न² + न + १ होते. भूमितीत अशा रचनेला न कोटीचे सांत प्रक्षेपीय प्रतल म्हणतात. ब्रुक आणि रायसर यांनी १९४९ मध्ये सिद्ध केले की, न ला ४ ने भागल्यास बाकी १ किंवा २ येत असेल, तर न दोन वर्गांची बेरीज असल्याशिवाय असे प्रतल असू शकत नाही. सर्व सममित रचनांसाठीचा व्यापक निष्कर्ष सर्वदमन चावला आणि रायसर यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी श्रीखंडे यांनी वर्गरूपांच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन अनेक रचनांची अशक्यता दाखविली.

युक्तिवादाची दिशा अशी आहे. प्रत्येक वाणाला एक चल द्यावा आणि एका गटातील चलांची बेरीज करावी. सर्व गटांच्या बेरजांचे वर्ग मिळविल्यास प्रत्येक चलाचा वर्ग क वेळा आणि प्रत्येक जोडीचा दुप्पट गुणाकार ल वेळा येतो. म्हणून ती बेरीज न × (चलांच्या वर्गांची बेरीज) + ल × (चलांच्या बेरजेचा वर्ग) एवढी होते. न वरील प्रकारचा असताना व हा ४म + ३ प्रकारचा असतो. म्हणून दोन्ही बाजूंस न × (एका नव्या चलाचा वर्ग) मिळविला की उजवीकडे चार-चार वर्गांचे संच पडतात. लाग्रांज यांच्या प्रमेयानुसार न चार वर्गांची बेरीज आहे, आणि ऑयलर यांच्या चार वर्गांच्या नित्यसमानतेमुळे न × (चार वर्ग) हे पुन्हा चार वर्गच होतात. त्यानंतर चलांना योग्य किमती देऊन दोन्ही बाजूंचे वर्ग एकेक करून काढून टाकता येतात. शेवटी उरते ते एवढेच :

न·क्ष² = य² + र²

दोन्ही बाजूंस र² ने भागले, तर हे भास्कराचार्यांचे क्षेप −१ असलेले समीकरण आहे. केवळ गुणकाचे नाव बदलले आहे. र शून्य असल्यास न स्वतःच वर्ग ठरतो, म्हणजे अट तेव्हाही पाळली जाते. आठशे वर्षांच्या अंतरावर एकाच समीकरणाची खिलता निर्णायक ठरते : एकदा वर्गप्रकृतीत, एकदा वाफ्यांच्या मांडणीत.

न = ६ घेतल्यास ४३ वाणांची, ७ वाफ्यांच्या ४३ गटांची रचना होते. ६ = २ × ३ हा वर्गयोग नाही, म्हणून ती रचना खिल आहे. न = १४ ची, म्हणजे २११ वाणांची रचनाही याच कारणाने बाद होते. न = ५ मात्र कसोटीस उतरतो, आणि ३१ वाणांची, ६ वाफ्यांच्या ३१ गटांची रचना प्रत्यक्षात करता येते.

६. कसोटीच्या मर्यादा :

कसोटीत नापास होणे म्हणजे अशक्यता निश्चित. उत्तीर्ण होणे म्हणजे मात्र अस्तित्व निश्चित नव्हे. ८ या गुणकाचे समीकरण अपूर्णांकात सुटते, पूर्णांकात सुटत नाही. कारण य² + १ ला ४ ने कधीच भाग जात नाही. ३४ = २५ + ९ या गुणकासाठी क्ष = १/३, य = ५/३ हे उत्तर आहे, परंतु पूर्णांक उत्तर नाही.

प्रतलांच्या बाबतीतही हेच आढळते. १० = १ + ९ असल्याने १० कोटीचे प्रतल या कसोटीने बाद होत नाही. तरीही असे प्रतल नाही, हे क्लेमंट लॅम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये संगणकाच्या प्रदीर्घ शोधाने दाखविले. जेथे वर्गयोगाची कसोटी लागते तेथे निर्णय एका ओळीत मिळतो. जेथे ती लागत नाही तेथे यंत्राला असंख्य शक्यता तपासाव्या लागतात. १२ कोटीच्या प्रतलाला तर ही कसोटी लागूच होत नाही, आणि तो प्रश्न अद्याप अनिर्णित आहे.

‘सापडत नाही, म्हणून नाही’ असे मानण्यातील धोकाही श्रीखंडे यांच्याच कार्यातून दिसतो. ६, १०, १४ अशा ४म + २ प्रकारच्या कोटींचे परस्पर लंब लॅटिन चौरस नसतात, असा ऑयलर यांचा तर्क होता. ६ साठी तो खरा ठरला. परंतु १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ६ हून मोठ्या अशा प्रत्येक कोटीसाठी तो चुकीचा असल्याचे दाखविले. ज्या संशोधकाने काही रचनांची अशक्यता सिद्ध केली, त्यानेच अशक्य मानल्या गेलेल्या रचना शक्य असल्याचे सिद्ध करण्यात वाटा उचलला. दोन्ही ठिकाणी प्रमाण एकच होते, ते म्हणजे सिद्धता.

७. अध्यापनाच्या दृष्टीने :

महाविद्यालयांत वर्गयोगाचे प्रमेय गणित विभागात, गट-रचना संख्याशास्त्र विभागात आणि भास्कराचार्य बहुधा गणित दिनाच्या भाषणात असतात. या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्यास प्रत्येकीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. पदवी स्तरावर विद्यार्थ्यांना १ ते ५० पर्यंतचे खिल गुणक शोधण्यास सांगावे. त्यांनी २१, ३३ यांसारख्या संख्यांवर अडखळून पूर्ण कसोटीकडे वळावे. पदव्युत्तर स्तरावर २२ वाणांची रचना प्रथम हाताने मांडण्याचा प्रयत्न करू द्यावा आणि नंतर निश्चयकाचा युक्तिवाद द्यावा. असफल प्रयत्नानंतर आलेली अशक्यतेची सिद्धता विद्यार्थ्याला पटते. आधी सांगितलेली केवळ पाठ होते.

निष्कर्ष :

१. दोन वर्गांच्या बेरजेचा सिद्धान्त हा संख्यांच्या वर्गीकरणापुरता मर्यादित नसून अशक्यता ओळखण्याचे ते एक समर्थ साधन आहे.

२. भास्कराचार्यांचा खिल नियम परिमेय उत्तरांच्या संदर्भात पूर्णतः अचूक आहे. त्याचे मोल सांगताना सिद्धता आणि मूळ अवयवांचे वर्गीकरण नंतरच्या काळातील आहे, हेही सांगणे आवश्यक आहे.

३. सांत प्रक्षेपीय प्रतलांच्या अशक्यतेचा निकष याच समीकरणावर येऊन थांबतो, आणि श्रीखंडे यांचे १९५० मधील संशोधन त्याच परंपरेतील आहे.

४. कोणती जमीन पडीक आहे हे आधी कळले, तर कष्ट योग्य शेतात लागतात. गणितातील अशक्यतेच्या प्रमेयांचे प्रयोजन हेच असून अध्यापनात त्यांना उत्तर काढण्याच्या रीतींइतकेच स्थान मिळणे इष्ट आहे.